तिगावचं दूध

पांढुर्ण्यात कुणालाही पत्ता विचारा, तो तुम्हाला नसलेल्या हॉटेलापाशी नेऊन उभं करतो. ‘थे मुंगवड्याचं हॉटेल हाये ना, त्याच्या बाजूनं डावीकडे वळा.’ मुंगवड्याचं हॉटेल जाऊन कितीतरी दिवस झाले. तिथे काचेच्या दाराचं मोबाइलचं दुकान आहे. स्टेशनाच्या रस्त्यावरची खानावळ पाडली, तिथे एटीएम आलं, तरी लोक बिनदिक्कत म्हणतात, ‘थांब जरा, खानावळीतून पैसे काढून आणतो.’ नवीन माणूस चक्रावतो. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

आमचंही हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे राहायची जागा नाही हो. आमच्याकडे हॉटेल म्हणजे चाय, आलूबोंडा, त्यावर तर्री, सकाळी पोहे आणि बसायला लाकडी बाकडी. वरच्या मजल्यावर लॉज होतं, पण ते इमारतीच्या मालकाचं, आणि ते माझ्या लग्नाआधीच बंद पडलं. खालचं हॉटेल माझ्या वडिलांचं. मागच्या महिन्यात एक मिशाळ ऑटोवाला मला म्हणाला, ‘बाबाच्या हॉटेलापाशी सोडू का मॅडम?’ मी त्या बाबाची मुलगी आहे हे त्याला काय माहीत! मी म्हटलं, ‘सोड.’ उतरले आणि रस्त्यावरच मला रडू फुटलं. रागही आला. त्याचा नाही, माझा मला. का ते सांगते. सांगून डोक्यातून जाईल असं नाही, पण न सांगता ठेवून पाहिलं, ते काही जमलं नाही.

बाबांच्या हॉटेलात गॅस कधी आला नाही. मातीची भट्टी होती, कमरेइतकी उंच, दोन तोंडांची. एकावर कढई, दुसऱ्यावर चायचं भगोणं. वारुळाची माती, गव्हाचं कुटार आणि शेण कालवून बाबांनी ती स्वतः घातलेली. दर शनिवारी तिला पोतेरा फिरवायचे. तिच्यातला पहिला विस्तव त्यांनी त्यांच्या आईच्या चुलीतून खापरात घालून आणला होता, आणि तेव्हापासून तो एकदाही गेला नाही असं ते सांगत. ‘विझला’ हा शब्द आमच्या घरात चालायचाच नाही. कोणी चुकून म्हटलं तर आई तोंडावर हात ठेवायची.

विस्तव टिकवायची त्यांची एक पद्धत होती. संध्याकाळी शेवटचा घाणा निघाला की निखारे एका कोपऱ्यात ओढायचे, त्यावर जाड गोवरी ठेवायची, वरून राख चढवायची, ती तळहातानं हळूहळू थापायची आणि भट्टीच्या तोंडावर जुना तवा लावायचा. गोवरी रात्रभर आतल्या आत धुमसते. पहाटे पाचला राख सारली, दोन फुंका मारल्या की विस्तव पुन्हा डोळे उघडतो. याला बाबा भट्टी ‘निजवणं’ म्हणत. आणि निजवलेली भट्टी सकाळी उघडलीच पाहिजे, हा त्यांचा नेम. गोटमारीच्या दिवशी सगळं गाव नदीवर दगडफेकीच्या जत्रेला, दुकानं बंद, तरी बाबा पहाटे जाऊन भट्टी उघडून येत. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा गेले! हळद लागलेल्या पोरीला मांडवात सोडून हा माणूस राख फुंकायला गेला म्हणून आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती.

निजवायचं काम माझं असे. कॉलेजातून आले की सायकल बाहेर लावायची आणि भट्टीपुढे बसायचं. ‘तुहा हात हलका हाये,’ बाबा म्हणत. ‘मी थापतो तं निखारा दबते.’ राख थापताना मी तिला म्हणायची, ‘नीज आता, सकाळी येतात बाबा.’ ते हसत. मग मी नोकरीला लागले, लग्न होऊन सौसरला गेले, तरी माहेरी आले की संध्याकाळचं ते काम माझ्याचकडे.

कायमची बंद करायची तर रीत वेगळी. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडताना दूध शिंपडतात ना, तशीच. आधी हळदकुंकू वाहायचं, मग दहीभाताचा घास, आणि मग दुधाची धार, निखारा चुरचुरायचा थांबेपर्यंत. पाणी अजिबात नाही. ‘पानी आग लागल्यावर मारतेत,’ बाबा म्हणत, ‘तिनं काय कोनाचं घर जाळलं?’ दुधानं शांत केली की ती मोकळी झाली. आणि नाही केली तर? एकदा मी विचारलं होतं. ते कढईतले बोंडे उलटत राहिले.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि रस्त्याकाठच्या जागांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. मालक वारले होते, त्यांच्या मुलांनी इमारत बिल्डरला दिली. खाली दुकानं, वर ऑफिसं, असं कॉम्प्लेक्स होणार होतं. आई तोवर गेली होती आणि बाबा माझ्याकडे सौसरला आले होते. साखरेनं डोळे गेले, मग न्हाणीत पाय घसरून खुबा मोडला. हॉटेल त्यांचा जुना कारागीर कसंबसं चालवत होता. शेवटच्या दिवशी त्यानं सकाळचा घाणा काढला, बोंडे सगळ्यांना फुकट वाटले आणि दुपारीच बोरगावला मुलीकडे निघून गेला. मला फोन केला. ‘बाई, तिले शांत कराचं माह्यानं नाही होनार. तुम्ही या.’

मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. निघताना बाबांनी माझा हात धरला.

‘दूध तिगावचंच घेजो. पाकिटातलं नको टाकू तिच्यावर. अन् घाई नको करू व बाई. शांत झाल्याबिगर उठू नको.’

‘हो बाबा, हो! किती वेळा सांगाल?’

मी तापट आहे. शाळेत पोरं मला टरकतात, घरात नवराही माझं तोंड पाहून बोलतो. त्यात बस चुकायची वेळ झालेली. मी हात सोडवून घेतला आणि पळाले.

तिगावचा गवळी माझ्यासाठी मुद्दाम थांबला होता. आयुष्यभर बाबांच्या हॉटेलाला त्याच्याच घरचं दूध. त्याच्या म्हशी सरकीची ढेप, म्हणजे पेंड, खातात, तिचा एक वास त्या दुधाला असतोच, उकळलं तरी जात नाही. बाबांच्या चायची खरी चव ती, मसाल्याची नव्हे. त्यानं छोट्या किटलीत लिटरभर दूध दिलं, किटलीला हात लावून नमस्कार केला आणि मागे न पाहता मोटारसायकल काढली.

हॉटेलात बिल्डरचा माणूस आधीच येऊन बसला होता. पाटी काढून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली. ती पाहिली आणि माझं डोकं सटकलं.

‘कोणाला विचारून काढली? आज संध्याकाळपर्यंत हॉटेल आमचं आहे ना?’

‘मॅडम, गरम नका होऊ. परसो दस बजे जेसीबी येऊन राहिली. मले शटर लावून चाबी द्याची हाये, म्हणून काढली.’

मग बाकड्यांवरून वाजलं. चार बाकडी आमची होती, तो म्हणे इमारतीची. मी म्हटलं, बापानं माझ्यादेखत सुताराकडून करून घेतलीत, तू तेव्हा जन्मलाही नसशील. तो म्हणे, घेऊन जा मग, आत्ता. आता चार बाकडी मी काय बसमध्ये घालून नेणार? अर्धा तास ते भांडण चाललं. रागानं माझे कान तापले होते. तशीच जाऊन भट्टीपुढे बसले. हळदकुंकू वाहिलं. दहीभाताचा घास ठेवला. आत निखारे लाल होते, मंद, संध्याकाळी असायचे तसेच. बिल्डरचा माणूस मागून म्हणत होता, ‘मॅडम, जल्दी. मॅडम, लास्ट बस जाईन तुमची.’

आणि मी काय केलं? निखारे कोपऱ्यात ओढले. गोवरी ठेवली. राख चढवली. हळूहळू थापली. तवा लावला. वरून म्हटलंसुद्धा, ‘नीज आता, सकाळी येतात बाबा.’

मग पदराला हात पुसले, पिशवी उचलली, भट्टीला नमस्कार केला आणि बाहेर आले. त्यानं शटर ओढलं. बसमध्ये मी खिडकीशी बसून रडले, चांगली मोकळी होऊन रडले, बाबांचं काम नीट पार पडलं म्हणून.

घरात पाय ठेवताच बाबांनी विचारलं, ‘झाली शांत?’

‘झाली बाबा.’

तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. मला तसंच वाटत होतं. स्वयंपाकघरात जाऊन पिशवी ओट्यावर ठेवली तर ती जड लागली. आत किटली. झाकण काढलं. दूध काठोकाठ होतं.

ओट्याला धरून उभी राहिले. हातांच्या रेषांत राख बसलेली दिसत होती, नखांतही. बाहेरून बाबांचा आवाज आला, ‘थकली असशीन व बाई, पन घोटभर चाय कर.’ घरात दुसरं दूध नव्हतं. सकाळचं नासलं होतं, नवरा दौऱ्यावर, आणून देणारं कोणी नाही. मी त्याच दुधाची चाय केली. काय करू, डोकं चालत नव्हतं. मनाची समजूत घातली, जेसीबी परवा आहे, उद्या पहिल्या बसनं जाईन, चाबी मागेन, पाया पडेन, दूध टाकून येईन. कोणाला कळणारही नाही. बाबांनी चाय सावकाश पिली. मग कप पुढे केला. ‘अजून हाये का थोडीशी?’ मी दिली.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पांढुर्ण्यात पोचले. किटलीतलं उरलेलं रात्रीतच नासलं होतं, इतक्या सकाळी दुसरं तिगावचं दूध कुठून आणू? बसस्टँडवर पाकीट घेतलं. कोपऱ्यावरून वळले आणि समोर एकदम आभाळ दिसलं. जिथे इमारत असायची तिथे आभाळ. जेसीबी सहालाच आली होती. लॉज, हॉटेल, जिना, सगळ्याचा एक ढीग झालेला, आणि ढिगाच्या मधोमध धुराची बारीक रेघ वर जात होती.

‘परवा म्हटलं होतंत ना तुम्ही!’ मी बिल्डरच्या माणसावर ओरडले. सगळा रस्ता वळून पाहायला लागला.

‘मॅडम, मशीन आजच रिकामी होती, लावून देली. त्यात काय एवढं?’

त्याच्या मते खरंच काही नव्हतं. जेसीबीवाला खाली उतरून मला विचारू लागला, ‘बाई, अंदर काय ठेवून गेलते तुम्ही? टँकरचं पानी मारलं, तं बी धूर येऊनच राहिला.’

पाणी मारलं होतं. माझ्या हातात दुधाचं पाकीट होतं. दहा पावलं गेले असते, ढिगावर चढून ओतलं असतं, पाकिटातलं का होईना. पण पंधरावीस माणसं उभी होती, त्यांत माझ्या ओळखीच्या दोघी. मास्तरीणबाई मलब्यावर दूध ओतून राहिली, असं संध्याकाळपर्यंत सौसरला पोचलं असतं. मला लाज वाटली. लाज! मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि परत फिरले. भट्टी निजवली ती चूक होती, हात सवयीनं चालला. पण हे मी पूर्ण शुद्धीत केलं. याला मी स्वतःला माफ केलेलं नाही.

‘कुठं गेलती सकाळी?’ बाबांनी विचारलं. म्हटलं, शाळेत मीटिंग होती.

मलबा तिगावच्या रस्त्याला एका खोलगट प्लॉटात भरणीला गेला. गवळ्यानं नंतर फोनवर सांगितलं, आठ दिवस पहाटेचा धूर दिसायचा तिथून. मी विज्ञान शिकवते. एक गोवरी एक रात्र टिकते, फार तर दीड. भिजलेल्या मातीतून थंडीत वाफ निघते, ती धुरासारखी दिसते. हे मी सातवीला शिकवलेलं आहे. त्याला मात्र मी यातलं काही बोलले नाही. ‘बरं दादा,’ म्हटलं आणि फोन ठेवला.

त्याच आठवड्यात बाबा पहाटे पाचला उठून बसायला लागले.

‘धूर येऊन राहिला व.’

मी धावत जाऊन गॅस पाहिला, मीटर पाहिलं, मागच्या अंगणात जाऊन आले. काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. ‘कुठंतरी कचरा जाळत असतील, झोपा.’ ते म्हणाले, ‘कचऱ्याचा नाही. गोवरीचा हाये.’ महिना झाला, दोन झाले. एकदा मी तोंड सोडलं त्यांच्यावर. ‘काही जळून नाही राहिलं बाबा! दिवसभर पोरांपुढे घसा फोडायचा आणि पहाटे तुमचा धूर हुंगत फिरायचं का मी?’ दुसऱ्या पहाटे उठून बसले, पण बोलले नाहीत. अंधारात नुसतं नाक वर करून बसलेले. ते पाहून मला जास्त भीती वाटली.

आणि मग मलाही यायला लागला. आधी बसमध्ये. मग वर्गात, फळ्याकडे तोंड करून लिहिताना, मागून अचानक, राख आणि कढईतलं जुनं तेल. वळून पाहिलं तर पोरं मुकाट्यानं वहीत उतरवत होती. नहाल्यावर केस पुसताना टॉवेलाला यायचा. नवऱ्याला हुंगायला लावला तर म्हणे, शॅम्पूचा आहे. कोणाला सांगू, की मी एकीला जिवंत पुरलंय?

त्या मिशाळ ऑटोवाल्यानं मला सोडलं ते या कॉम्प्लेक्सपुढे. बांधून पूर्ण झालंय आता. भट्टीच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान आहे. रडून झाल्यावर तोंड पुसलं आणि आत गेले. पांढऱ्या टाइल्स, वर गारेगार एसी. मी एका कोपऱ्यात पाहत उभी राहिले तर दुकानदार म्हणाला, ‘जरा सांभाळून ताई, तिथली टाइल तडकली हाये. दोनदा बदलवली, पुन्हा तडकते.’ खालची माती बसत असेल. नवीन बांधकामात होतं असं. मी चप्पल काढून तिथे पाऊल ठेवलं. गार होतं. मला काय अपेक्षा होती कोण जाणे. मी वेडी असल्यासारखा दुकानदार माझ्याकडे पाहत होता. मी एक कव्हर घेतलं, माझ्या फोनला न बसणारं, आणि बाहेर पडले.

घरी आल्याआल्या बाबांच्या खाटेपाशी खाली बसले.

‘बाबा, मी भट्टी शांत नाही केली. निजवली. दूध तसंच राहिलं. सकाळी गेले तर सगळं पडलं होतं.’

ते म्हणाले, ‘मले माहीत हाये.’

‘कोणी सांगितलं?’

‘तूनंच. त्या दिवशीची चाय तिगावच्या दुधाची होती. ढेपीचा वास मले समजत नाही काय? डोये गेले माहे, जीभ नाही गेली. थे दूध तिच्यावर पडलं असतं, तं माह्या कपात कसं आलं असतं?’

‘मग तेव्हाच का नाही बोललात? मी तुमच्यावर ओरडले, तेव्हा तरी!’

‘तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिलो.’ त्यांनी चाचपत माझं डोकं शोधलं. ‘अन् मी कोणत्या तोंडानं बोलू? मले पहिल्या घोटातच समजलं, तरी मी दुसरा कप मांगला. तिच्या वाटचं दूध मी पेलो व बाई. तू एकटी काऊन रडतं?’

मी म्हटलं, उद्या जाऊ, गाडी करून जाऊ. त्या दुकानदाराच्या पाया पडते, तिगावचं दूध आणते, त्या टाइलवर टाकू. लोक काय म्हणतील ते म्हणोत आता.

‘नको,’ बाबा म्हणाले. ‘निजवलेला विस्तव सकायी उघडा लागते. तिले कोनी उघडलं नाही, म्हणून थे मले उठवते. उठवू दे. कोनी तं उठाले पाहिजे ना तिच्यासाठी.’ मग अगदी सहज, भाजी काय आणायची ते सांगावं तसं बोलले. ‘मी गेलो का तिसऱ्या दिवशी दूध टाकशीनच ना माह्यावर? थे तिगावचं टाकजो. दोघाइचं एकदमच होऊन जाईन.’

तेव्हापासून पहाटे मी त्यांच्या आधी उठते. खाटेपाशी बसते. पाचला ते विचारतात, ‘येऊन राहिला का व धूर?’ कितीही पुसट असला तरी मी म्हणते, ‘येऊन राहिला, बाबा.’ मग ते पाठ टेकतात. ज्या वासानं माझा जीव नकोसा झाला होता, तो यावा म्हणून मी आता बसून राहते.

आज पाच वाजले, ते बोलले नाहीत. सव्वापाच झाले. मी नाक वर करून हवा ओढली. राख नाही, गोवरी नाही, तेल नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच घरात कसलाही वास नव्हता. मी हाक मारली नाही. वाकून त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. आधी काही लागलं नाही. मग खाली कुठेतरी ऊब लागली, हलकेच वरखाली होणारी. माझा हात थांबेना, हळूहळू थोपटतच राहिला.

‘काऊन व,’ डोळे मिटलेलेच ठेवून बाबा म्हणाले, ‘राख थापून राहिली का माह्यावर?’

मी हात काढला नाही.